‘आधी गोळी’ म्हणजे किती गोळी?

पत्र :

सर, मी एमडी मेडिसिन आहे. इंदूरला रामबागेत बाबांचा जुना दवाखाना आता मी सांभाळते. रोज ४०-४५ पेशंट असतात. रेकॉर्ड ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर ठेवतो. ओपीडी साडेआठला संपते, पण नोट्स पूर्ण करता करता साडेदहा व्हायचे आणि तोवर सहा वर्षांची मुलगी झोपून गेलेली असायची. अमेरिकेतल्या एका वर्गमित्रानं एआय स्क्राइबचं, म्हणजे नोट लिहून देणाऱ्या यंत्राचं, ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन सुचवलं. माइकवरून ते आमचं बोलणं ऐकतं आणि रेकॉर्डच्या रकान्यांत नोट भरतं. मी फुकटची आवृत्ती घेतली. अडीच महिने झाले, मुलीला झोपवायला मी घरी असते. पण मागच्या आठवड्यात थायरॉइडच्या एक मावशी फेरतपासणीला आल्या. रक्तातला टीएसएच वाढलेला, म्हणजे गोळी कमी पडत होती. त्यांच्या हातातल्या छापील कागदावर ५० मायक्रोग्रॅमची ‘अर्धी गोळी’. मी म्हणाले होते, ‘सकाळी उठल्यावर आधी गोळी, मग चहा.’ सहा आठवडे त्या अर्धीच घेत होत्या. मी ‘आता पूर्ण घ्या’ म्हणाले आणि विषय संपवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबा म्हणतात काढून टाक, लिहिणं म्हणजेच विचार करणं. नवरा म्हणतो, चूक माणसाच्या हातूनही होते. रिसेप्शनवरची मुलगीही त्याच कॉम्प्युटरवर, त्याच ब्राउझरवर रिपोर्ट आणि बिलं बघते, हेही सांगून ठेवते. काढू की ठेवू? पेशंटना सांगायला हवं का?
एक डॉक्टर, रामबाग, इंदूर

उत्तर :

डॉक्टर,

तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या असाल, तरी दवाखाना चालवणाऱ्या माणसाला मी अहो-जाहोच करतो. निर्णय पहिल्यांदा सांगतो, कारणं मागाहून. ते एक्स्टेन्शन आजच काढा. नोट लिहिणारं यंत्र कायमचं सोडायचं कारण नाही. ते दुसऱ्या वाटेनं आणि वेगळ्या शिस्तीनं परत आणता येईल. आणि मावशींचा विषय तुम्ही संपवलात खरा, पण तो अजून उघडाच आहे.

तुमचं रात्रीचं साडेदहा मी हलक्यात घेणार नाही. ज्यांनी ४५ पेशंट तपासून मग ४५ नोट्स कधी लिहिल्या नाहीत, त्यांना ‘थोडं जास्त थांबायचं’ म्हणणं सोपं जातं. अमेरिकेत डॉक्टरांच्या शेजारी निरीक्षक बसवून त्यांचा वेळ मोजला होता. २०१६ साली छापून आलेल्या त्या पाहणीत पेशंटसमोरच्या दर तासामागे जवळजवळ २ तास रेकॉर्डमध्ये आणि टेबलावरच्या कामात जाताना दिसले. ही यंत्रं त्या दुखण्यातून आली. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या डॉक्टर-समूहानं २०२३ च्या अखेरीस ती कामाला लावली, तेव्हा १० आठवड्यांत ३,४४२ डॉक्टरांनी ३ लाखांहून जास्त भेटींमध्ये ती वापरली. तेव्हा तुमच्या वर्गमित्रानं वाईट सल्ला दिला असं मी म्हणत नाही. त्यानं त्याच्या गावचा सल्ला दिला. तिथे यंत्र संस्था निवडते, करार वकील तपासतात आणि तपासणीच्या खोलीत बहुतेक वेळा एकच भाषा चालते. तुमच्या खोलीत मराठी, हिंदी, माळवी आणि निमाडी एका वाक्यात बसतात.

मावशींची चूक तिथेच झाली. मराठीत आधी म्हणजे अगोदर, हिंदीत आधी म्हणजे अर्धी. शिवाय गोळी दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘आधी गोली’ हे हिंदीत व्याकरणानंही चोख बसतं. यंत्राला शंका यावी असं त्यात काही नव्हतंच. उलट ‘अर्धी गोळी, सकाळी, चहापूर्वी’ ही सूचना दिसायला इतकी नीटनेटकी आहे की मी तुमच्या जागी असतो आणि त्या दिवसाचा चाळिसावा पेशंट असता, तर माझीही नजर त्यावरून घसरली असती.

आता ‘नी’ घ्या. माळव्यात ‘नहीं’चा ‘नी’ होतो. देवासकडचा शेतकरी तुम्हाला सांगतो, ‘बुखार नी है, खाँसी है.’ त्याच्या मागोमाग आलेल्या आपल्या आजी म्हणतात, ‘ताप नी खोकला, दोन्ही आहे गं.’ पहिला नी ताप पुसून टाकतो, दुसरा नी तापाची खोकल्याशी गाठ मारतो. तुम्हाला दोन्ही बरोबर कळतात, कारण तुम्ही याच गल्ल्यांत वाढलात आणि बोलणाऱ्याचा चेहरा तुमच्या समोर असतो. आवाजाच्या पट्टीवर तो एक अक्षराचा, नाकातून निसटणारा शब्द आहे. यंत्रानं तो गाळला तर ‘ताप नाही’चं ‘ताप आहे’ होतं. जुलाबाचंही तसंच. आपल्याला जुलाब होतात, पण हिंदीत पोट साफ करायला घेतलेल्या औषधालाही जुलाब म्हणतात.

मला सगळ्यात जास्त भीती ‘घबराहट’ची वाटते. इंदूरमध्ये हा शब्द किती अर्थांनी येतो, ते तुम्ही रोज ऐकता. कुणाला धडधड होते, कुणाला मळमळ, कुणाच्या छातीवर दडपण येतं, कुणी खरोखर काळजीनं पोखरलेला असतो. आपण ‘घबराहट म्हणजे नेमकं काय होतं, हात लावून दाखवा’ असं विचारतो. यंत्र त्याचं सरळ ‘एन्झायटी’ करून टाकतं. साठीतला, मधुमेह असलेला माणूस घबराहट सांगतोय आणि नोटेत एन्झायटी लिहिलंय, याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायला नको. मधुमेही माणसाच्या हृदयविकाराचा झटका कित्येकदा छातीत न दुखता येतो. तुमचं सॉफ्टवेअर सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडलेलं असेल आणि पेशंटचा १४ अंकी आभा, म्हणजे आरोग्य-खात्याचा, क्रमांक त्यात असेल, तर त्याच्या संमतीनं हीच नोट उद्या दुसऱ्या डॉक्टरसमोर उघडेल. त्या डॉक्टरनं घबराहट ऐकलेलीच नसेल. तो एन्झायटी वाचेल आणि पुढे तेच उतरवून घेईल.

हे यंत्र ऐकतं कसं, ते समजलं की कुठे जपायचं ते आपोआप कळतं. काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्यांदा आवाजाचे शब्द होतात, मग दुसरं यंत्र त्या शब्दांची नोट रचतं. दोन्ही टप्पे ‘इथे बहुधा काय येईल’ या अंदाजावर चालतात. ओपनएआय कंपनीचं ‘व्हिस्पर’ हे आवाजाचे शब्द करणारं यंत्र अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासलं. २०२४ साली त्यांनी मांडलं की साधारण १ टक्का ध्वनितुकड्यांत मूळ बोलण्यात नसलेली अख्खी वाक्यं किंवा वाक्यांश यंत्रानं स्वतःच घातले होते, आणि त्यांतले ३८ टक्के अपाय करू शकतील असे होते. बोलणारा मध्ये जितका जास्त थांबतो, तितकं हे जास्त होतं. आता तुमची खोली डोळ्यांसमोर आणा. तुम्ही पाठीला स्टेथोस्कोप लावता, ‘श्वास घ्या, सोडा’ म्हणता आणि गप्प होता. बीपीचा पट्टा फुगतो, सगळे गप्प. म्हातारा माणूस शब्द शोधत थांबतो. आपल्या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ हा शांततेचा असतो, आणि यंत्र नेमकं तिथेच घसरतं.

दुसऱ्या टप्प्याची खोड वेगळी. नोट पूर्ण दिसावी म्हणून ते न झालेली तपासणी लिहून मोकळं होतं. ‘फुप्फुसं स्वच्छ, पोट मऊ, सूज नाही.’ तुम्ही पोटाला हात लावलेला नसतो. मागच्या अडीच महिन्यांतल्या दहा नोट्स उघडा आणि तपासणीचा भाग वाचा. न केलेलं काही लिहिलेलं सापडलं, तर ते खोटं रेकॉर्ड तुमच्या नावावर आहे.

तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे, चूक माणसाच्या हातूनही होते. माझ्या हातून झालेली सांगतो. मी हाउसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर होतो, एका मोठ्या सरकारी इस्पितळात. फुप्फुसाबाहेर पाणी झालेल्या एका मजुराच्या केसपेपरवर मी उजव्याऐवजी डावी बाजू लिहिली. रात्रभर जागा होतो, पण ते कारण देण्यासारखं नाही. सकाळी पाणी काढायची तयारी झाली होती, ट्रे मांडला होता. आमच्या मॅडमची सवय अशी की सुईला हात लावण्यापूर्वी केसपेपर मोठ्यानं वाचायचा, पेशंटला कळेल अशा भाषेत. त्यांनी वाचलं, ‘डाव्या बाजूला पाणी आहे, डावीकडून काढणार आहोत.’ तो माणूस खाटेवर ओणवा बसला होता, समोरच्या टेबलावर हात टेकून. मान न वळवताच म्हणाला, ‘बाई, भरलंय ते इकडं.’ आणि उजव्या बरगड्यांवर थाप मारली. मॅडम मला एक शब्द बोलल्या नाहीत. पेन माझ्या हातात दिलं. पुढची सगळी वर्षं मी केसपेपर मोठ्यानं वाचत आलो, ते त्या थापेमुळे.

माणसाच्या आणि यंत्राच्या चुकीत एक फरक आहे, तो तुमच्या यजमानांना जरूर सांगा. मी थकलेला होतो म्हणून एकदा चुकलो. यंत्र थकत नाही, त्यामुळे तुम्ही जेव्हा जेव्हा ‘आधी गोळी’ म्हणाल तेव्हा तेव्हा ते तीच चूक करू शकतं, तितक्याच स्वच्छ अक्षरात. माझं अक्षर बघून केमिस्ट दोनदा फोन करून विचारायचा. छापील कागदाला कुणी काही विचारत नाही.

बाबांचं वाक्य मला बरंचसं पटतं. आम्हाला नोटचे चार भाग शिकवले होते, लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरनं १९६० च्या दशकात घालून दिलेले : पेशंट काय सांगतो, तपासणीत काय दिसतं, आपल्याला काय वाटतं, पुढे काय करायचं. यातलं पहिलं लिहिताना मी कधी फारसा विचार केला नाही. ते टिपून घेणंच असतं आणि ते यंत्राला द्यायला माझी हरकत नाही. तिसऱ्या ओळीवर मात्र माझं पेन अडायचं. निदान लिहायला गेलं की वाक्य पुरं होईना, मग कळायचं की आपण एक प्रश्न विचारलाच नाही, आणि बाहेर पडलेल्या पेशंटला कंपाउंडरकरवी परत बोलवायचो. बाबा ज्याला विचार करणं म्हणतात ते तिथे घडतं. म्हणून यंत्र ठेवलंत तरी निदानाची ओळ आणि औषधं तुम्हीच टाइप करा. दोन्ही मिळून पाच-सहा ओळी होतात. औषधाचं नाव, मात्रा, किती वेळा, किती दिवस, यातलं एक अक्षरही ऐकून भरलेलं नको.

आणि मॅडमची सवय उचला. पेशंट खुर्चीवरून उठण्यापूर्वी नोट वाचा, मोठ्यानं, त्याच्या भाषेत. ‘काकू, मी असं लिहिलंय : ताप नाही. खोकला आठ दिवस. शुगरची गोळी चालू. नवीन गोळी एक, पूर्ण, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास अगोदर.’ काकू किंवा त्यांची सून चुकलं असेल तिथे बोलतील. माइक चालू असेल तर यंत्रालाही शेवटी एकदा स्वच्छ, सुटसुटीत वाक्यं ऐकायला मिळतात आणि नोट सुधारते. बोलतानाच ‘आधी’ टाळा, ‘अगोदर’ म्हणा किंवा सरळ ‘उपाशीपोटी’ म्हणा. ‘नी’ ऐकलात की तुमच्या तोंडून ‘ताप नाही’ असं उच्चारा. याला माणशी अर्धा मिनिट लागेल, म्हणजे ४५ पेशंटांची साधारण २२-२३ मिनिटं. तुमच्या वाचलेल्या २ तासांतून तेवढी जातील. मुलीच्या झोपायच्या वेळेला तरीही घरी पोचाल.

वाचलेल्या वेळेचा हिशेब मांडताना एवढं धरूनच चाला. न वाचता सही करून वाचवलेला वेळ तुमचा नसतो, तो पेशंटच्या खात्यातून काढलेला असतो.

आता एक्स्टेन्शन आजच का काढायचं, ते. एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत बसतं. ते टाकताना एक परवानगी विचारली जाते, उघडलेल्या पानांवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची. आपण घाईत होकार देतो. त्या होकारानंतर ते फक्त समोरच्या पेशंटची नोट बघतं असं मानू नका. पानावर जे जे दिसतं ते त्याला वाचता येतं : आजच्या पेशंटांची यादी, फोन नंबर, मागचे रिपोर्ट. परवानगी सगळ्या साइटची असेल, तर रिसेप्शनवरच्या मुलीनं उघडलेलं लॅबचं पान, बिलं, दवाखान्याची बँकसुद्धा. शिवाय एक्स्टेन्शन आपोआप नवं होत राहतं. आज चांगलं असलेलं उद्या दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं. २०२४ च्या नाताळात डेटा-सुरक्षेचंच काम करणाऱ्या एका कंपनीच्या क्रोम एक्स्टेन्शनचं हेच झालं. कर्मचाऱ्याला फसवा ईमेल पाठवून चोरांनी ताबा मिळवला, आणि घातक कोड ‘नवी आवृत्ती’ म्हणून लोकांच्या ब्राउझरमध्ये आपोआप जाऊन बसला. कुणी काही डाउनलोड केलं नव्हतं. सुरक्षा विकणाऱ्यांची ही गत, तर फुकट स्क्राइबवर आपण किती भरवसा टाकायचा?

आणखी एक साधा धोका आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. तुमच्या ब्राउझरमध्ये दोन पेशंटांची पानं दोन टॅबमध्ये उघडी असतात. एकाचं बोलणं संपण्यापूर्वीच खोलीत आलेल्या दुसऱ्याचा रिपोर्ट बघायला तुम्ही टॅब बदलता. एक्स्टेन्शन समोर दिसेल त्या रकान्यात लिहितं. एकाची नोट दुसऱ्याच्या नावावर गेली तर ती शोधून काढणं फार अवघड, कारण ती वाचायला अगदी खरी वाटते.

म्हणून पुढची वाट अशी. तुमच्या रेकॉर्डच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करा आणि विचारा की त्यांच्याकडे आतूनच जोडलेलं नोट लिहिण्याचं साधन आहे का. बाहेरचं एक्स्टेन्शन चालवायला त्यांच्या अटींची परवानगी आहे का, तेही विचारा. जी कंपनी निवडाल तिच्याकडून लेखी घ्या : आवाज कुठे साठवतात, किती दिवसांनी पुसतात, आमच्या पेशंटांच्या बोलण्यावर त्यांचं यंत्र शिकवतात का, आम्ही सोडून गेलो तर सगळं मिटवतात का. फुकट आवृत्तीत हे प्रश्न विचारायला समोर माणूसच नसतो. जाहिरातीत ‘हिपा’चा शिक्का दिसला तर त्यानं निर्धास्त होऊ नका, तो पेशंटची माहिती जपण्याबद्दलचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा आहे, रामबागेतल्या पेशंटला त्याचा आधार नाही. काही काळ एक्स्टेन्शनच वापरावं लागलं तर ब्राउझरमध्ये त्याच्यासाठी वेगळी प्रोफाइल करा, त्यात फक्त रेकॉर्डचं सॉफ्टवेअर उघडा, एका वेळी एकच पेशंट, आणि साइटची परवानगी ‘क्लिक केल्यावर’ वर ठेवा. रिसेप्शनला दुसरा कॉम्प्युटर द्या. जुना चालेल. सुरुवातीला १५ दिवस रोज पाच पेशंटांच्या नोट्स तुम्हीही हातानं लिहा आणि शेजारी ठेवून बघा. त्या पाचांत एक निमाडी बोलणारा आणि एक कमी ऐकू येणारा असू द्या.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार पेशंटनं रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं, आणि तो कागद तुमचा म्हणूनच जातो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून ग्राहक कायद्याखाली येते. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना दूरवरून तपासण्यासाठी आहेत, पण त्यांत ओढलेली रेघ इथेही लागू पडावी अशी आहे : एआयनं डॉक्टरला मदत करावी, स्वतः सल्ला देऊ नये, औषध लिहू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तुम्ही नेमलेल्या कंपनीनं घोळ घातला तरी त्या कायद्यात जबाबदारी तुमचीच राहते. माहिती नीट न जपल्याबद्दलचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो.

पेशंटना सांगायला हवं का, या प्रश्नाचं उत्तर मात्र मी कायद्यासाठी देत नाही. रामबागेत कोण कुणाचं कोण लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या समोर बसलेली सून जे सांगते, ते तिनं आईलाही सांगितलेलं नसतं. ती तुमच्या कानात बोलते. तिथे तिसरा कान असेल तर तिला तो दिसलाच पाहिजे. टेबलावर माइक उघड ठेवा आणि पहिल्या वाक्यात सांगा : ‘हे यंत्र आपलं बोलणं ऐकून नोट लिहितं, ती मी तपासते. नको असेल तर बंद करते, तपासणीत काही फरक पडणार नाही.’ हिंदीतही हेच. दारावर मराठी-हिंदीत पाटी लावा, पण पाटीवर भागवू नका, निम्मे लोक चष्मा घरी विसरून येतात. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. आणि काही वेळा त्यानं सांगण्याची वाट न बघता तुम्हीच माइक बंद करा : घरातली मारहाण, गर्भपात, मनाचे आजार, एचआयव्ही. मानसिक आरोग्य आणि एचआयव्ही या दोन्हींसाठी २०१७ चे स्वतंत्र कायदे गोपनीयता सांगतात. पण तुम्ही बंद करायचं ते त्या बाईचा आवाज खाली गेला म्हणून. आवाज खाली गेला की हात माइककडे जायला हवा, एवढं अंगवळणी पाडा.

आता मावशी.

तुम्ही त्यांना ‘पूर्ण घ्या’ म्हणालात आणि त्यांना वाटलं असेल की आजार वाढला म्हणून डोस वाढला. कदाचित घरी जाऊन त्यांनी तेच सांगितलं असेल. शेजारणीलाही. सहा आठवडे थकवा, सुस्ती, पाय जड, आणि त्या स्वतःच्या वयाला दोष देत राहिल्या असतील. ५० ऐवजी २५ मायक्रोग्रॅमनं झालेलं नुकसान भरून येईल, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही सांगा. पण आपल्याला का बरं वाटत नव्हतं, ते त्यांना कळायला हवं. फोनवर नको, घरी जा. म्हणा, ‘मावशी, कागदावर अर्धी छापलं गेलं, ते मी वाचलं नाही. तुमचं काही चुकलं नाही.’ यंत्राचं नाव पहिल्या वाक्यात घेऊ नका. विचारलं तर सगळं सांगा. फेरतपासणीचे पैसे घेतले असतील तर परत द्या, आणि सहा आठवड्यांनी होणारा पुढचा टीएसएच तुमच्या खर्चानं करा.

तो चुकलेला कागद त्यांच्याकडून मागून घेऊ नका. तो त्यांचा आहे. ‘अर्धी’वर एकच आडवी रेघ ओढा, खालचं वाचता येईल अशी, शेजारी ‘एक पूर्ण गोळी, उपाशीपोटी’ लिहा, आजची तारीख घाला, सही करा. सॉफ्टवेअरमधली जुनी नोटही पुसू नका. तिच्याखाली नवी नोंद जोडा आणि चूक कशी झाली ते दोन ओळींत लिहा. मग एखाद्या रविवारी बाबांना शेजारी बसवून गेल्या अडीच महिन्यांच्या सगळ्या नोट्समध्ये ‘अर्धी’, ‘हाफ’, ‘०.५’ शोधा. अर्ध्या गोळीवर असलेला प्रत्येक पेशंट खरंच अर्ध्यावर असायला हवा होता का, ते एकेक करून बघा. बाबांना त्यातले बरेच जण चेहऱ्यानं आठवतील. जे नसायला हवे होते, त्यांना सोमवारी सकाळी, ओपीडी सुरू होण्याच्या अगोदर फोन करा.